ऐरणाईची पाठ

"अण्णा, ते गाठोडं खाली ठेवा की आता. मांडी अवघडली असेल."

"अवघडूदे."

शिरोलीच्या आमच्या वर्कशॉपच्या दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीत माझे वडील बसले होते. मांडीवर घोंगड्यात बांधलेलं गाठोडं आणि त्यावर दोन्ही हात. उजवा हात थरथरत होता. तो दोन-तीन वर्षांपासूनच थरथरायचा, पण आज त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की हाताबरोबर गाठोडंही हलत होतं. एसटीत कंडक्टरनं ते वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं, तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं म्हणे की तो बिचारा पुन्हा त्या बाकाकडे फिरकलाच नाही.

आठवड्याची सुट्टी होती, त्यामुळे शेड रिकामी होती. वर्कशॉपचे मालक मगदूमसाहेब किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत उभे होते. त्यांना सांगलीला लग्नाला जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. गाठोड्यात काय आहे ते मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते माझ्या मागे लागले होते.

"सारिका, एक विचारू?" मला बाजूला घेऊन ते म्हणाले. "हे लेसरचं मशीन रोज काय करतं?"

"पत्रा कापतं, सर."

"कापतं. सुरीनं लोणी कापावं तसं कापतं. आणि त्याच मशीनखाली तू देवीचं तोंड ठेवणार."

"कापायला नाही ठेवत. हेड वर उचलून किरण पसरवायचा, म्हणजे तो नुसता तापवतो. मागच्या महिन्यात आपण पट्ट्या वाकवल्या, तसंच."

"पट्ट्यांना भक्त नव्हते गं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "चुकून चरा जरी पडला तर तुमचं अख्खं गाव माझ्या दारात येऊन बसेल. बरं, कर. झालं की फोन कर. नको, तू करू नकोस, मला धडकी भरेल. मीच करतो."

ते गेले. शटर मी अर्ध्यावर ओढून घेतलं. मग अण्णांनी गाठोड्याची गाठ सोडली.

ऐरणाई ही आमच्या गावच्या लोहारांची देवी. तिला मूर्ती नाही. लोखंडी पत्र्याचा मुखवटा आहे, आमच्या कुठल्यातरी खापरपणजोबांनी ठोकून घडवलेला. लहान परातीएवढा चेहरा, रुंद कपाळ, मिटलेले ओठ. वर्षभर ती मानकऱ्याच्या घरी लाकडी पेटीत असते. चैत्रातल्या यात्रेआधी तिला राखेनं घासून लखलखीत करायचं, आणि यात्रेच्या दिवशी पेटी चारचौघांत उघडून, साडीचोळी नेसवून पालखीत बसवायचं. मान आमच्या घराचा आणि नियम दोन. घडवली त्या दिवशी तिच्यावर शेवटचा घाव पडला, त्यानंतर तिच्या अंगाला हातोडा लागता कामा नये. ज्या हातोड्यावर आमची पोटं भरली, तो आईवर उगारायचा नाही. दुसरा नियम म्हणजे तिची पाठ, मुखवट्याची आतली बाजू, कुणी बघायची नाही. आतून तिला लाल खण टाचलेला असतो. मानकरी दरवर्षी तो बदलतो, तोही डोळे मिटून.

त्या वर्षी राख लावायला पेटीतून काढताना अण्णांचा हात थरथरला आणि ऐरणाई उंबऱ्यावर पडली. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत गाल मागे दुमडला. यात्रा तोंडावर आलेली. माझा चुलतभाऊ तानाजीदादा याला मान आपल्या घरात यावा असं फार दिवसांपासून वाटत होतं आणि अण्णांच्या हातावर त्याची नजर होतीच. तो वाईट माणूस नव्हता. पण पेटी उघडल्यावर देवीचा गाल असा दिसला असता, तर त्याला तोंड उघडायचीही गरज पडली नसती.

मी मुखवटा पाहिला. लहानपणापासून जिच्या पाया पडत आले, तिचा अर्धा चेहरा बसला होता. आजारी बाईसारखी दिसत होती ती.

"हातानं सरळ होत नाही?"

"वढून बघितलं. दुमड हाय तशीच ऱ्हाती आन् दुसरीकडंच वाकाय लागतंय."

ते खरं होतं. पत्रा एकदा दुमडला की त्या रेघेवर तो कडक होतो, शेजारचा मऊ राहतो, आणि जोर केला की मऊ असतो तोच वाकतो.

"गावात कुणाला सांगितलंत?"

"तुज्या आईलाबी न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू दिवाळीला म्हणालीस न्हवं, तुज्या मशीनचा नुसता उजेड पडतोय आन् पत्रा वाकतोय म्हणून? न शिवता? ह्या खेपेला हातोडा लावायचा न्हाई सारिके. काय बी झालं तरी न्हाई."

त्या "ह्या खेपेला"कडे माझं लक्ष गेलं नाही. माझं लक्ष दुमडीकडे होतं.

तसंही अण्णांनी कित्येक वर्षांत हातोडा हातात धरलेला नव्हता. माझा थोरला भाऊ उत्तम कावीळ होऊन गेला, त्या वर्षी आमचा भाता बंद झाला. उत्तमदादा घण मारायचा. बावीस वर्षांचा, दांडगा पोरगा, पंधरा दिवसांत चिपाडासारखा झाला आणि गेला. घण मारणारा गेला म्हणून अण्णांनी भट्टी विझवली, असंच आम्ही घरातले सगळे समजत होतो. ऐरण परसात पावसात पडून राहिली. मला मात्र त्यांनी हट्टानं पॉलिटेक्निकला घातलं.

आधी मी त्यांना एका पट्टीवर करून दाखवलं. मुखवट्याच्याच जाडीची पट्टी घेतली, एक टोक पकडीत आवळलं, मधोमध काळा स्प्रे मारला, आणि केबिनचं दार लावून सुरू केलं. काचेतून आम्ही दोघं बघत होतो. किरण दिसत नाही. काळ्या रेघेवरून एक ठिणगीएवढा तांबूस ठिपका सरकत गेला, एवढंच. पट्टीचं मोकळं टोक हळूच खाली झुकलं.

"उलटं गेलं," अण्णा म्हणाले.

"थांबा जरा."

ठिपका गेला, रेघ काळवंडली, आणि गार होता होता पट्टीचं टोक वर उचलायला लागलं. होतं त्या जागेवर आलं, तिथून आणखी केसभर वर गेलं आणि थांबलं.

"उजेडाकडं आलं," ते पुटपुटले.

"वरची बाजू तापते अण्णा. तापलेलं लोखंड पसरायला बघतं, म्हणून आधी टोक खाली जातं. पण आजूबाजूचं सगळं गार, ते पसरू देत नाही. मग ते जागच्या जागी दाबलं जातं. आणि गार व्हायला लागलं की आखडतं, आधी होतं त्याहून आखूड होतं. आखडताना पत्र्याला आपल्या बाजूला ओढून घेतं."

अण्णांनी पट्टी हातात घेऊन डोळ्यासमोर धरली. "बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच की. लाल करून चढवायची आन् वर पाणी वतायचं. गार हुताना आशी आवळती, लाकूड किरकिरतंय."

"तेच आहे हे."

"मग त्यात नवीन काय काढलंय तुमी?"

मी हसले. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसू असावं.

"फक्त एक आहे," मी म्हणाले. "एका फेरीत केसभरच वाकतं. मग पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुढची फेरी. आणि समजा जास्त वाकलं, तर त्याच बाजूनं मागे नेता येत नाही. पत्रा उलटा करून मागच्या बाजूनं तापवावं लागतं."

अण्णांचा चेहरा उतरला. "उलटं न्हाई करायचं. पाठ न्हाई बघायची."

"म्हणूनच म्हणते, जपून जाऊ."

खण काढावाच लागणार होता, नाहीतर उष्णतेनं जळला असता. अण्णांनी तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून काढला. मुखवटा स्वतःच आणून वाळूच्या पिशव्यांवर उताणा ठेवला. चकचकीत लोखंडावरून किरण उलटा फेकला जातो, म्हणून दुमडीवर काळा थर द्यायला हवा होता. मी स्प्रेचा डबा हलवला आणि तो हातात धरूनच उभी राहिले. यात्रा तोंडावर आणि मी देवीच्या तोंडाला काळं लावणार होते.

"दे हिकडं," अण्णा म्हणाले. "मी लावतो. बोलणी खायची तर मलाच खाऊदेत."

त्यांच्या थरथरत्या हातानं काळा पट्टा दुमडीवर पडला, थोडा गालावर, थोडा कानावरही पडला. त्यांनी डबा खाली ठेवून हात जोडले. मी उजव्या गालाचा आकार पुठ्ठ्यावर कापून घेतला होता. तो उलटा करून डाव्या गालाला लावला की किती बाकी आहे ते कळणार होतं. लावून पाहिला. मधली फट पाहून मला वाटलं, हे संध्याकाळपर्यंत होत नाही.

हेड किती वर आहे ते मी मोजलं. पुन्हा मोजलं. लाल खुणेचा ठिपका सगळ्या दुमडीवरून कोरडाच फिरवून बघितला. मगदूमसाहेबांचं ते लोणी डोक्यातून जात नव्हतं. एखादी तार ढिली असेल आणि हेड खाली घसरलं तर? काल कुणी पॉवर वाढवून ठेवली असेल तर? सगळे आकडे मीच भरले होते, मीच तपासले होते, तरी बटणावर बोट ठेवल्यावर ते दाबेना.

"व्हय पुढं," अण्णा मागून म्हणाले. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा घाबरलेला होता.

ठिपका कानापाशी उमटला आणि खाली निघाला. बारीक धूर निघाला, काळ्या थराचा. गालाची कड मागे गेली. आत्ताच पट्टीवर बघितलं होतं आम्ही, तरी दोघंही काचेला चिकटलो, कारण ती आणखीच बसल्यासारखी दिसली. ठिपका हनुवटीला पोचून विझला. मी दार उघडलं. काही कापलं नव्हतं. आम्ही उभे राहिलो, आणि बघता बघता ती कड मागून पुढे आली, निघाली होती त्या जागेच्याही पुढे. इतकंसं, नखाच्या जाडीइतकं.

"आली," अण्णा म्हणाले. "आई आली."

मग तेच पुन्हा पुन्हा. फेरी, धूर, दार उघडणं, वाट बघणं, पुठ्ठा लावणं, पुन्हा काळं. खरी परीक्षा वाट बघण्याची होती. लोखंड गार होईपर्यंत अण्णांना बसवत नव्हतं. ते मुखवट्याभोवती घुटमळत, हात मागे बांधत, पुन्हा सोडत. त्यांचं सगळं आयुष्य उलट्या रीतीत गेलं होतं. लोखंड लाल झालं की हात चालवायचा, गार झालं की काम संपलं. इथे लाल असताना हात बांधून बसायचं होतं आणि काम गार होताना, आपोआप होणार होतं. अशा वेळी लोहारानं करावं काय?

मी त्यांना डबा उघडून भाकरी खायला लावली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि उरलेली तशीच झाकून ठेवली.

ऊन शेडच्या पश्चिमेच्या खिडकीत आलं तेव्हा गाल जवळजवळ भरून आला होता. पुठ्ठ्याखाली फक्त एक बारीक फट उरली होती. देवी पुन्हा देवीसारखी दिसत होती, काळ्या पट्ट्यासकट. एक फेरी, फार तर दोन. मी ती फेरी घेतली, दार उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आहे का अजून?" मगदूमसाहेब. मागे सनई वाजत होती.

"आहे सर. एकच फेरी राहिली असेल."

"एक जिलेबी घशाखाली उतरली नाही माझ्या. तुला सांगतो, वधूपिताही इतका—"

मी फोनवर बोलत खिडकीकडे गेले होते. वळले तेव्हा अण्णा केबिनच्या दारात वाकलेले दिसले. उपरण्याचं टोक त्यांच्या अंगठ्याला गुंडाळलेलं होतं, आणि तो अंगठा गालाच्या कडेखाली होता. रेघ अजून धगधगत होती. कड मागे गेलेली होती, जशी प्रत्येक फेरीत जात होती. ती पुढे यायची वाट बघायची होती. अण्णांनी ती तापलेली असतानाच अंगठ्यानं वर उचलली.

"अण्णा, नको."

ते दचकून मागे सरले. "मदत केली जरा," ते म्हणाले. "लाल हाय तवरच ऐकतंय ते. मागंच राहिलं आसतं."

आम्ही दोघांनी लोखंड गार होताना पाहिलं. अंगठ्यानं आधीच पुढे आणलेली कड आता स्वतःहून आणखी पुढे आली. मी पुठ्ठा लावला. आता फट दुसऱ्या बाजूला होती. दुमडलेला गाल बाहेर फाकला होता. फुगा केल्यासारखा दिसत होता, आणि कुणाच्याही नजरेत भरला असता.

"परत तापीव आन् मी मागं दाबतो," अण्णा म्हणाले.

"तापलेल्यावर दाबलं तर कुठे जाईल सांगता येत नाही, बघितलंत ना आत्ता? आता एकच मार्ग आहे. उलटी करायची, पाठीमागून एक फेरी. उजेडाकडे येते, म्हणजे मागे जाईल. एकाच फेरीत बसेल."

"न्हाई."

"अण्णा, मी डोळे मिटून मशीन चालवू शकत नाही."

"न्हाई म्हटलं न्हवं?" त्यांनी दोन्ही हातांनी मुखवटा वाळूवर दाबून धरला. "तशीच ऱ्हाऊदे. न्हेतो तशीच. तान्याला मान द्यायचा तर देऊदेत. पाठ न्हाई बघायची तिची."

"का पण? इथे कोण आहे बघायला? तुम्ही आणि मी."

"तूच बघशील की."

ते असं म्हणाले आणि मला पहिल्यांदा कळलं की अण्णांना भीती वाटतेय ती तानाजीदादाची नाही, आणि गावाचीही नाही. हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवून धरून बसला होता, आणि तेही सकाळपासून, एसटीपासून, मांडीवर घट्ट धरून.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ ठेवली. ते बसले नाहीत. मुखवट्यावरचे हात तसेच ठेवून, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"आधीबी पडली हुती. माज्याच हातनं. उत्तम गेला, त्या साली."

मीच त्या खुर्चीत बसले.

"यात्रंच्या आदल्या सांजंला. असाच गाल दुमडला हुता, हितंच. आता कुणाला सांगणार? घरात कुणी न्हवतं. मी भट्टीवर न्हेली, खण काढला, आन् खाली लाकडाचा ठोकळा ठिऊन आतनं हातोडा मारला, अंधारात, पाठीकडं न बघता, नुस्ता चाचपून. तीन-चार घाव. सरळ झाली. कुणाला कळलंबी न्हाई. यात्रा झाली झोकात." त्यांनी मुखवटा वाळूत आणखी दाबला. "म्हयनाबी भरला न्हवता. पोराचं डोळं पिवळं झालं."

बाहेर रस्त्यावरून एक टेंपो गेला. इतकी वर्षं मला वाटत होतं की आमच्या घरात उत्तमदादाचं दुःख आहे. दुःख आईचं होतं, माझं होतं. अण्णांकडे ते नव्हतंच. त्यांच्याकडे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्यांनी आईशेजारी, माझ्याशेजारी बसून, जेवून, झोपून एकट्यानं वागवलं होतं. मला त्यांचा राग आला. त्या पत्र्याच्या बाईचाही आला. आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं.

"मी मारलं तिला," ते म्हणाले. "तिनं माजं पोरगं न्हेलं. बरूबर झालं. त्यातनं आता तू एकलीच हाईस. म्हणून म्हणतो, तू तिची पाठ बघू नगंस."

शिकल्यासवरल्या मुलीनं अशा वेळी काविळीचं पाणी, विहिरी, डॉक्टर हे सगळं सांगायला हवं. ते सगळं माझ्या जिभेवर आलंही. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं असं एका वाक्यानं निघत नाही, एवढं मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. माझ्या घरी माझं लहान मूल होतं.

"अण्णा," मी शेवटी म्हणाले, "मी बघत नाही. तुम्ही उलटी करा आणि तुम्हीच बघा. तुम्ही काय केलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. काळा पट्टा तुम्ही द्या, ठिपका कुठून कुठे न्यायचा ते तुम्ही सांगा. मी मशीनच्या पडद्याकडे तोंड करून नुसते आकडे भरते."

त्यांनी मुखवट्यावरचे हात उचलले. मग मला वाळूच्या पिशव्यांची खसखस ऐकू आली. मी पाठ करून उभी होते, नजर पडद्यावर.

"दिवा वर घे जरा," ते म्हणाले. मी न बघता हाताला लागेल तसा दिवा त्यांच्या बाजूला वळवला.

मग काहीच आवाज नाही. इतका वेळ की मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

"अण्णा?"

"ह्ये माजं न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"बघ हिकडं. बघ म्हणतो न्हवं."

मी वळले. मुखवट्याची आतली बाजू काळसर, खडबडीत होती, आणि दुमडीच्या रेघेवर हातोड्याच्या खुणा होत्या, एकावर एक, गर्दी करून. तीन-चार नव्हे, कितीतरी. अण्णांचं थरथरतं बोट त्यांच्यावरून फिरत होतं.

"ह्ये माजं. हातोडा जरा कलता बसला की तोंडाची कड उमटती, चंद्रकोर. मी उजव्या हाताचा, माजी कोर ह्या अंगाला. हाय?" बोट पुढे सरकलं. "आन् ह्या बघ. ह्यांची कोर उलट्या अंगाला."

"म्हणजे?"

"डावऱ्या हाताचं घाव." ते थांबले. "आबा डावखुरं हुतं."

आबा म्हणजे माझे आजोबा, अण्णांचे वडील, अण्णांच्या आधीचे मानकरी. नियम मोडणाऱ्याला घराच्या पायरीवरही उभं करायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

"आन् ह्याच्या खाली चौकोनी तोंडाचं हायत. गंजल्यात. तसला हातोडा मी बघितलाबी न्हाई, आबाच्या बाचा आसंल." बोट त्या खुणांवर टेकून राहिलं. "समद्यांनी पाडली हाय तिला. समद्यांनी ठोकली हाय. आन् कुणी कुणाला सांगितलं न्हाई."

ते आता खुर्चीत बसले. तोंडावरून हात फिरवला, आणि काळा रंग गालाला लागला तो त्यांना कळलाही नाही.

"सारिके," ते अगदी हळू म्हणाले, "आबानंबी मारलं हुतं की तिला."

"हो."

"आन् मी जित्ता हाय."

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. अण्णा रडले. उत्तमदादा गेला तेव्हा ते रडले नव्हते. लोक म्हणाले होते, लोखंडाचा माणूस. त्या दिवशी शिरोलीच्या रिकाम्या शेडमध्ये ते आपल्या पोरासाठी पहिल्यांदा रडले, बापासारखे. मीही रडले. उघड्या केबिनच्या दारात आमची कुलदेवता पालथी पडून होती.

शेवटी तेच उठले. उपरण्यानं डोळे पुसून स्प्रेचा डबा उचलला.

"लाव तुजा उजेड."

"आत रेघ राहील अण्णा, निळसर. बाहेरची राखेनं घासून जाईल. आतली नाही जायची."

"ऱ्हाऊदे," ते म्हणाले. "समद्यांच्या हायत. तुजीबी ऱ्हाऊदे एक."

ती एकच फेरी लागली. या वेळी गार होईपर्यंत अण्णा हात बांधून बसून राहिले. पुठ्ठा लावला तेव्हा खाली फट नव्हती. मगदूमसाहेबांचा फोन आला, तेव्हा मी म्हणाले, "सर, जिलेबी खा आता." परतीच्या एसटीत अण्णांना बसवून दिलं. त्यांनी गाठोडं शेजारच्या सीटवर ठेवलं, खिडकी उघडली, आणि गाडी हलायच्या आधीच डोळे मिटले.

यात्रेत पेटी उघडली तेव्हा तानाजीदादा ऐरणाईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "यंदा आई लई चकाकतीया." पुढच्या वर्षी कुणी मागायच्या आधी अण्णांनी मान त्याच्या हाती दिला. देताना दोन्ही नियम नीट सांगितले, हातोड्याचा आणि पाठीचा. त्यापलीकडे काही बोलले नाहीत. मग आणखी पाच-सहा वर्षं ते जगले. परसातली ऐरण त्यांनी घासूनपुसून ओट्यावर आणून ठेवली होती, आणि संध्याकाळी तिच्यावर बसून माझ्या मुलाला उत्तममामाच्या गोष्टी सांगायचे.

आता मान तानाजीदादाच्या मुलाकडे जाईल. कधीतरी त्याच्याही हातून ती पडेल, आणि भट्टीवर एकटाच असताना तो खण काढून तिची पाठ बघेल. हातोड्याच्या खुणा त्याला ओळखता येतील, लोहाराचाच पोरगा तो. पण त्या सगळ्यांच्या मधून कानापासून हनुवटीपर्यंत गेलेली ती निळी सरळ रेघ कुणाच्या हातची, याचा विचार करत तो बराच वेळ बसून राहील.